सल्ला हवा: घराचं मोठं काम काढतोय, चार महिने त्याच घरात राहावं की भाड्याने जावं? (नागपूर)

हनुमाननगरची_सून
नमस्कार. बरेच दिवसांपासून नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहून राहिले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर सासऱ्यांनी १९८४ मध्ये बांधलेलं. खाली चार खोल्या, वर एकच खोली आणि बाकी गच्ची. सासरे आता नाहीत. स्लॅब दोन-तीन पावसाळ्यांपासून गळतो, किचनच्या कोपऱ्यात तर बादली ठेवावी लागते, वायरिंग तेव्हाचंच आहे, दोन्ही बाथरूमच्या भिंतींना ओल आहे. मागच्या भिंतीला एक तिरपी भेग आहे, ती उन्हाळ्यात मोठी दिसते आणि पावसाळ्यात जवळजवळ बुजते, म्हणून तिच्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. आता ठरवलंय की एकदाच काय ते करून टाकू. किचन आणि जेवणाच्या खोलीमधली भिंत काढून किचन मोठं करायचं, दोन्ही बाथरूम नव्याने, पूर्ण वायरिंग, सगळ्या घराला टाईल्स, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग. ठेकेदार साडेतीन महिने म्हणतो, म्हणजे मी चार धरून चालले. पाडव्याला नारळ फोडायचा विचार आहे.

घरात आम्ही पाच जण. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांना दमा आहे आणि गुडघे दुखतात. मुलगी आता दहावीत जाणार, तिचे क्लासेस एप्रिलपासूनच सुरू. मुलगा सहा वर्षांचा. आम्ही दोघंही नोकरीवाले. ह्यांचं म्हणणं की इथेच राहू, भाडं वाचेल आणि कामावर नजर राहील. सासूबाई तर घर सोडायचं नावच काढू देत नाहीत, देव उठवून कुठे नेऊ म्हणतात. आणि आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, मुखवटे त्यांच्या सासूबाईंच्या हातचे आहेत, त्या ह्याच घरात बसल्या पाहिजेत एवढी एकच अट त्यांनी घातली आहे.

ज्यांनी कामात घरातच राहून दिवस काढलेत त्यांनी खरं खरं सांगा. स्वयंपाक कुठे केलात, म्हाताऱ्या माणसांचं कसं केलंत, मुलांचा अभ्यास कसा झाला? मला रात्री झोप लागून नाही राहिली ह्या विचाराने.

मानेवाडा_आई
ताई, आम्ही मागच्याच्या मागच्या वर्षी घरातच राहून केलं, तेव्हा किचनचं सांगते.

स्वयंपाकाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही, भांडी घासायचा आहे. मी मागच्या व्हरांड्यात टेबलावर शेगडी मांडली, सिलेंडर बाजूला मोकळ्या हवेत ठेवला, दोन दिवसांत हात बसला. पण भांडी बाथरूममध्ये नेऊन खाली बसून घासायची, त्याच बाथरूममध्ये आंघोळ, तिथेच कपडे, आठव्या दिवशी माझी कंबर गेली. मग प्लंबरला सांगून अंगणातल्या नळाखाली जुनंच सिंक विटांच्या थरावर बसवून घेतलं, पाईप चेंबरमध्ये सोडला, तासाभराचं काम होतं. किचन फोडायच्या आधी हे करून घ्या, जुनं सिंक मलब्यात जाऊ देऊ नका.

दुसरं, मजूर नऊ-साडेनऊला येतात. त्याच्या आत वरण, भात, भाजी होऊन डबे भरून झाकून ठेवायचे, दिवसा काही उघडं शिजवायचंच नाही. मी गंज, कढई, कुकर, तवा, पाच ताटं आणि दहा वाट्या एवढंच बाहेर ठेवलं, बाकी सगळं खोक्यात घालून वर चिकटपट्टी लावली आणि खोक्यावर मार्करने लिहिलं. पोळ्या गल्लीतल्या एका काकूंकडून घेतल्या चार महिने, त्यात अजिबात कमीपणा मानू नका. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात तुमची गच्ची कामात जाणार म्हणजे कुरड्या, पापड, मिरच्या वाळवणं ह्या वर्षी होणार नाही. मी हट्टाने एका कोपऱ्यात मिरच्या टाकल्या आणि सिमेंटची धूळ बसून सगळ्या फेकाव्या लागल्या. वर्षाचं तिखट माहेरी नाही तर बहिणीकडे करून घ्या, आत्ताच सांगून ठेवा.

रेती_गिट्टी
मी सिव्हिलचा माणूस आहे, नागपुरातच २२ वर्षं साईटवर काढली. राहायचं कुठे हे नंतर बघू, तुमच्या दोन वाक्यांनी मला थांबवलं.

एक, भिंत काढणार म्हणता. १९८४ चं घर बहुतेक लोड बेअरिंग असतं, म्हणजे कॉलम नाहीत, नऊ इंची भिंतींवरच स्लॅब बसलेला आहे. मधली भिंत साडेचार इंची पार्टिशन असेल तर गोष्ट वेगळी, पण नऊ इंची असेल तर तिला स्ट्रक्चरल इंजिनीअरने बघितल्याशिवाय हातोडा लागू देऊ नका. ठेकेदार "काही नाही होत" म्हणाला तरी नाही. वर तुमची एक खोली पण आहे, तिचं वजन कुठून खाली येतं ते आधी कळलं पाहिजे. काढता येते, पण आधी टेकू देऊन, बीम टाकून, मग.

दोन, ती भेग. उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात बुजते हे आपल्या काळ्या मातीचं लक्षण आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, पाया तिच्यासोबत वरखाली होतो आणि भिंत तिरपी चिरते. वरून कितीही पुट्टी भरा, पुढच्या मे महिन्यात परत दिसेल. घराभोवती उतार देऊन तीन-चार फुटांचा पक्का पट्टा करा, गच्चीचं पाणी पाईपने लांब सोडा, बाथरूमची गळती बंद करा, म्हणजे पायाजवळची माती वर्षभर एकसारखी राहते. भेगेवर आजच प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. चिरली तर हालचाल चालू आहे हे डोळ्याने दिसेल आणि इंजिनीअरलाही दाखवता येईल.

आता उन्हाळ्याचं. पाडव्याला सुरू केलं की छपाई, म्हणजे भिंतींचं प्लास्टर, नेमकी एप्रिल-मे मध्ये येते. नवतप्याच्या (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या) आसपास पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी केलेली छपाई दुपारपर्यंत पांढरी पडते, तिच्यातलं पाणी उडून जातं, मग बारीक भेगा आणि हात फिरवला की भुकटी. तराई, म्हणजे प्लास्टर ओलं ठेवणं, दिवसातून दोनदा पाईप मारून भागत नाही. बारदाना ओला करून लावायचा, आणि उन्हाळ्यात निदान १० दिवस, जमलं तर १४. मिस्त्री कंटाळा करतो, इथे घरात राहण्याचा फायदा आहे, पहाटे पाचला उठून तुम्ही स्वतः पाणी मारू शकता. मी माझ्या घराचं असंच केलं, अंधारात नळी घेऊन उभा राहायचो, पोती भिजली की ओल्या मातीसारखा वास यायचा आणि सात वाजता उन्हं येईस्तोवर भिंत गडद राखाडी राहायची. ती छपाई आज १३ वर्षं झाली, एक पापुद्रा निघाला नाही. घरी विहीर किंवा बोअर आहे का? नसेल तर पाण्याची सोय आधी करा.

क्रम असा ठेवायला सांगा की गच्ची सगळ्यात आधी. वॉटरप्रूफिंग झालं की किमान ४८ तास पाणी भरून ठेवून खाली छत बघा. बाथरूमलाही टाईल्स लावायच्या आधी हीच परीक्षा. एका वेळी एकच बाथरूम फोडायचं. दोन्ही एकदम फोडले तर चार दिवसांत घर सोडावं लागेल हे लिहून ठेवा.

नंदनवनकर
मी वेगळं सांगतो ताई, रागावू नका. आम्ही राहिलो आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. तिसऱ्या आठवड्यात आई संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लावायला निघाली, अंगणात चाळलेली रेती पसरली होती, पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. भाडं वाचवलं होतं आम्ही.

चार महिने जा असं मी म्हणणार नाही, ते महागही पडतं आणि सामान दोनदा हलवावं लागतं. पण काम सगळे दिवस सारखं नसतं. तोडफोड, वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडणं आणि टाईल्स कापणं हे तीन टप्पे भयंकर, धूळ आणि आवाज दोन्ही. ते पाच-सहा आठवडे म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला तिथे ठेवू नका, बाकी छपाई, तराई, सुतारकाम ह्यात राहता येतं. ठेकेदाराकडून टप्प्यांच्या तारखा लिहून घ्या आणि पैसेही टप्प्यावर द्या, तारखेवर नाही.

खामल्याची_सिस्टर
मी हॉस्पिटलमध्ये छातीच्या वॉर्डात काम करते म्हणून फक्त धुळीचं लिहिते.

टाईल्स आणि भिंत कापताना जी पिठासारखी धूळ उडते ती डोळ्यांना दिसते त्यापेक्षा जास्त आत जाते, दम्याच्या माणसाला तर लगेच त्रास. कटरवर पाणी सोडून ओलंच कापायला लावा, बाहेर अंगणात. झाडू मारायचा नाही, पाणी शिंपडून पुसायचं. एक खोली निवडा जिला हात लागणार नाही, तुमच्याकडे वरची खोली आहे असं वाटतं, पण गुडघे दुखतात तर सासूबाईंना जिना जमेल का ते बघा.

कूलरचं नीट ऐका. आपण दाराला प्लास्टिक लावून खोली बंद करतो आणि कूलर कामाच्याच बाजूच्या खिडकीत असतो, मग तो सगळी धूळ ओढून आत फेकतो, कूलरच्या गवताच्या ताट्याही चिखलाने भरतात. कूलर कामाच्या उलट बाजूला लावा. तो स्वच्छ हवा आत ढकलतो, खोलीतली हवा दाराच्या फटीतून बाहेर जात राहते, मग धूळ आत शिरत नाही. आणि कामाच्या काळात तात्पुरत्या वायरवर कूलर चालतो, अर्थिंग तपासल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका, तात्पुरत्या बोर्डावर सुद्धा ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात आपल्याकडे, घरात सहा वर्षांचं लेकरू आहे.

जुना रंग घासण्याबद्दल एक. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. तुमच्या दारं-खिडक्यांवर त्याआधीचे ऑइल पेंटचे थर असणार. ते कोरडे घासू देऊ नका, पाणी लावून घासायचे, आणि त्या दिवशी मुलगा घरात नकोच. सासूबाईंचा दम्याचा पंप कायम हाताशी, काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा भेटा.

हनुमाननगरची_सून
तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, मी ऑफिसमध्ये डब्याच्या सुट्टीत वाचत होते आणि डोळे भरून आले. नंदनवनकर दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

भिंत मोजली, नऊ इंची आहे. इंजिनीअर शनिवारी येऊन राहिले. विहीर आहे आमची, उन्हाळ्यातही पाणी असतं. मुलीच्या अभ्यासाचं लायब्ररीत जागा घेऊन होईल. आता प्रश्न फक्त सासूबाईंचा. नणंद त्रिमूर्ती नगरला राहते, ती या म्हणते, पण सासूबाईंचं एकच, मी माझं घर सोडून जाणार नाही.

महालची_आजी
बाळ, मी ७१ वर्षांची आहे, मला कळतं त्यांना काय होतं ते. घर फुटणार म्हटलं की आम्हाला वाटतं आता आपलं काम संपलं. त्यांना जा म्हणू नको. आधी त्यांना घरभर घेऊन फिर आणि विचार की आई, ह्यातलं काय काय ठेवायचं. जे त्या दाखवतील त्यातलं एक तरी ठेवच. आणि देव उठवायचे नाहीत, देव त्यांच्यासोबत लेकीकडे जातात, परत येताना त्यांच्याच हातांनी परत येतात. दिवाबत्ती कुठेही झाली तरी चालते.

रेती_गिट्टी
आजींनी बरोबर सांगितलं. एक राहिलं, टाईल्स एकाच लॉटच्या घ्या, खोक्यावर शेड आणि बॅच नंबर बघून, आणि दोन खोके जास्तीचे ठेवा. नंतर तोच रंग मिळत नाही. रेतीही पावसाळ्याच्या आधी लागेल तेवढी आणून टाका, पावसात नदीतून उपसा बंद असतो आणि भाव चढतो.

हनुमाननगरची_सून
कळवते काय ठरलं ते. इंजिनीअर म्हणाले पूर्ण भिंत काढू नका, बीम टाकून सहा फुटांचं ओपनिंग करता येईल, किचन तरीही मोकळं होईल. गच्ची आधी, मग मागचं बाथरूम, ते चालू झालं की पुढचं. मागच्या अंगणात सिंक कालच बसवून घेतलं. तोडफोड आणि खाचांचे तीन आठवडे, नंतर टाईल्सचे तीन, एवढे दिवस सासूबाई आणि मुलगा नणंदेकडे राहतील.

आजी, तुम्ही सांगितलं तसं काल सासूबाईंचा हात धरून घरभर फिरवलं. मला वाटलं होतं देवघर म्हणतील. त्या किचनमध्ये जाऊन ओट्याजवळ उभ्या राहिल्या. कडप्प्याच्या डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढा खळगा पडलाय, मी १७ वर्षं तिथे पीठ साचतं म्हणून वैतागत होते. तो त्यांच्या खलबत्त्याचा, रोज त्याच जागी ठेवून ४० वर्षं आलं-लसूण कुटलं. त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, हा दगड फेकू नको. मी म्हटलं आई, मागच्या अंगणात तुळशीजवळ बसायला ह्याचाच बाक करू. मग थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, लेकीकडे किती दिवस जायचं ते नक्की सांग, त्याप्रमाणे गोळ्या घेते.

तर आता मला एवढंच हवंय. जुना कडप्पा ओट्यावरून न फुटता अख्खा काढून देणारा आणि त्याची धार घासून देणारा चांगला कारागीर दक्षिण नागपूरकडे कोणाच्या माहितीत असेल तर मला मेसेज करा. आमचा ठेकेदार म्हणतो फुटेल, गॅरंटी नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू होतंय, त्याच्या आधी मला तो दगड खाली उतरवून बाजूला ठेवलेला पाहिजे.