चर्चमधला विद्यार्थी सत्कार: टक्क्यांची अट ठेवायची का? आणि नारळाचं काय करायचं?

तरुणसंघ_नगर यांचा प्रश्न:

जय ख्रिस्त सगळ्यांना. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मंडळी आहे, फार मोठी नाही, सगळे एकमेकांना घरच्या नावाने हाक मारतात. यंदा तरुण संघाचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय आणि त्याच्यासोबत जूनमधला विद्यार्थी सत्कारपण. आत्तापर्यंत कसं चालायचं, की आशीर्वचन झालं, लोक चपला शोधायला लागले की माईकवरून कोणीतरी ओरडणार "बसा बसा, सत्कार राहिलाय", मग दहावी-बारावीला पंच्याहत्तरच्या वर मार्क पडलेल्या पोरांना शाल, नारळ, ट्रॉफी, फोटो. गावातला एखादा पुढारी पाहुणा, तो पाऊण तास बोलणार, त्यात पोरांबद्दल दोन वाक्यं.

यंदा तरुण संघातली पोरं म्हणतायत की पदवी झालेले, डिप्लोमा, आयटीआय, नर्सिंग सगळ्यांना बोलवा आणि टक्के बिक्के काढून टाका. पास्टरेट कमिटीतले, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीतले, काही काका म्हणतात सगळ्यांनाच बोलावलं तर सत्काराला किंमत काय राहिली. त्यात एका घरात मुलीला दहावीला नव्वद पडलेत आणि तिचाच भाऊ बारावीला दोन विषयांत राहिलाय, त्यांची आई म्हणते मी त्या रविवारी येतच नाही. दुसरं भांडण नारळाचं. दोन घरं म्हणतात श्रीफळ देवळातलं, चर्चमध्ये कशाला, आणि आमच्या आज्या म्हणतात आम्ही लहानपणापासून बघतोय, फळच आहे ते, आमटीत घालायचं. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणतात तुम्ही तरुणांनीच ठरवून सांगा.

तर तुमच्याकडे कसं करतात? उपासनेत घेता की नंतर? भेट काय देता? बजेट फार नाहीये हे आधीच सांगतो.

---

निवृत्त_मास्तर

बाळा, सलाम. आधी त्या पुढाऱ्याला सुट्टी दे. रविवार शाळेत ज्या बाईंनी ह्या पोरांना वचनं पाठ करून घेतली त्यांना उभं कर आणि त्यांनाच एकेकाचं नाव घेऊ दे, त्यांना प्रत्येकाची खोड माहीत असते, दोन मिनिटांत सगळं चर्च हसतं आणि रडतं पण.

टक्क्यांचं म्हणशील तर आपल्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ ला सुरू झालं, पुढे सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. त्या काळी शाळेत मूल आलं हीच मोठी गोष्ट होती, टक्के विचारायला कोणाला वेळ होता! आपल्यातल्या कितीतरी घरांत पहिली शिकलेली पिढी आजी-आजोबांची आहे, तिथं नातू आयटीआय करून फिटर झाला तर ते कमी कसं?

आणि एक गोष्ट पोरांना सांगायला चांगली आहे. आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी मुद्दाम इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या होत्या. रमाबाईंनी तोपर्यंत बाप्तिस्मा घेतलेला, आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या, पण आपल्यातली एक पोर डॉक्टर होतेय म्हणून समुद्र ओलांडून बाई गेली, आणि तेही बोटीने, पदरात लहान मुलगी असताना. आपल्याकडे तर चर्चपासून दोन गल्ल्यांवरचे लोक ऊन आहे म्हणून सत्काराला थांबत नाहीत.

---

स्पष्टच_बोलतो

मला शिव्या पडतील पण बोलतो. अट असायला पाहिजे. माझ्या दोन्ही मुलांनी पाण्याची मोटर, दळण, धाकट्या भावंडांचा अभ्यास सगळं बघून मार्क काढले, त्यांना आणि वर्षभर मोबाईल खेळणाऱ्याला एकच शाल मिळाली तर मुलांच्या मनात काय येणार? सगळ्यांसाठी प्रार्थना करा, शंभर टक्के करा, पण बक्षीस हे बक्षीस असतं. बायबलमधल्या तालंतांच्या दाखल्यात धनी नोकरांकडे तालंत म्हणजे पैसे सोपवून जातो, परत आल्यावर त्याने सगळ्यांना सारखी शाबासकी दिली नव्हती.

उपासनेच्या आत तर अजिबात नको. आधीच जाहिराती, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, नवीन गाडीची प्रार्थना यात उपदेशाला वीस मिनिटं उरतात.

---

एक_आई_औरंगाबाद

@स्पष्टच_बोलतो दादा, शिव्या नाही देत पण तालंतांचा दाखला पुरा वाचा. ज्याला पाच होते त्याने पाच कमावले, ज्याला दोन होते त्याने दोनच कमावले, आणि धन्याने दोघांना शब्दाला शब्द एकच शाबासकी दिली. बोलणी बसली ती ज्याने पुरून ठेवलं त्याला.

माझं म्हणणं एवढंच आहे की फेब्रुवारीत बोर्डाच्या आधी बऱ्याच मंडळ्यांमध्ये काय करतात, परीक्षेला बसणाऱ्या सगळ्या पोरांना पुढे बोलावतात, हॉल तिकीट हातात घेऊन रांगेत उभं करतात, पाळक डोक्यावर हात ठेवतात, महिला मंडळ प्रत्येकाला पेन देतं. तेव्हा कोणी विचारत नाही तुला किती पडणार. मग जूनमध्ये त्याच रांगेतले निम्मेच का बोलावता? माझा मुलगा मागच्या वर्षी राहिला होता, सत्काराच्या दिवशी आम्ही घरी बसलो, आणि मला वाईट कशाचं वाटलं तर सत्कार झाला नाही याचं नाही, पुढे दोन महिने चर्चमधलं कोणी त्याच्याशी अभ्यासाबद्दल बोललंच नाही, जणू काही घरात कोणी आजारी आहे आणि विषय काढायचा नाही. पुरवणी परीक्षा त्याने एकट्यानेच दिली, प्रार्थना नाही, पेन नाही. निघाला तो विषय, आता बी.कॉम. करतोय.

तुमच्या त्या बहीण-भावाचं म्हणाल तर त्या आईकडे सत्काराच्या आधी घरी जा. पाळकसाहेबांना घेऊन जा, चहा घ्या, त्या मुलाला विचारा कुठला विषय आहे, मंडळीत कोणी शिकवणारं आहे का ते बघा. मग ती माऊली रविवारी येते की नाही सांगा मला.

---

वसईवाली

आमचं कॅथलिकांचं थोडं वेगळं आहे पण सांगते. मिस्सा (आमची उपासना) चालू असताना मध्ये सत्कार घेत नाहीत, कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की शेवटच्या आशीर्वादाच्या आधी ज्या सूचना असतात तिथे फादर पाच-सात मिनिटं देतात, त्यामुळे लोक उठून जात नाहीत आणि चपलांचा प्रश्न येत नाही. पण खरी मजा अर्पणाच्या वेळी असते, त्या वर्षी पास झालेली मुलं भाकर आणि द्राक्षारस घेऊन मधल्या वाटेने वेदीकडे जातात. एकदा एक मुलगा वेल्डिंगचा कोर्स झालेला, त्याने आपला हेल्मेट आणि हातमोजे अर्पणात ठेवले होते, मागे त्याची आजी लाल लुगड्यात, तिला वाटलं हे काय घेऊन चाललाय, ती मोठ्याने विचारायला लागली, सगळे हसायला लागले. तो फोटो अजून त्यांच्या घरात आहे, ट्रॉफ्या कुठे गेल्या कोणाला माहीत.

पैशाचं म्हणाल तर आमच्या पॅरिशमध्ये ट्रॉफ्या बंद करून तो पैसा सेंट व्हिन्सेंट डी पॉल या मदत करणाऱ्या संस्थेकडे दिला, ते गरजू मुलांच्या फीला वापरतात. नावं सांगत नाहीत कोणाची, ते मला आवडतं.

---

सिस्टर_मिरज

नर्सिंगचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत निम्म्या मावश्या-आत्या नर्स आहेत, आमच्या मिरजेत डॉ. वान्लेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हीच परंपरा, त्यांच्याच पगारावर कितीतरी घरांतली भावंडं शिकली, पण चर्चच्या सत्कारात जीएनएमवालीचं (नर्सिंगचा डिप्लोमा केलेलीचं) नाव कधी ऐकलं नाही, कारण तिचा निकाल जूनमध्ये लागत नाही आणि टक्केवारी कोणी विचारत नाही. आमचा दिवे लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम कॉलेजात होतो, तिथे आई-बाप एसटीने येतात, मागच्या खुर्चीवर बसतात आणि परत जातात. एका वर्षी आमच्या पाळकबाईंनी हे हेरलं आणि सगळ्या पास झालेल्या मुलींना युनिफॉर्मवर चर्चमध्ये बोलावलं, सोबत मंडळीतल्या रिटायर झालेल्या जुन्या नर्सेसना पण, आणि प्रार्थना त्या जुन्या बायकांनी मुलींच्या हातावर हात ठेवून केली. काहीच खर्च आला नाही. नंतर चहा आणि क्रीमरोल.

---

ह्यूस्टनहून_पुणेकर

इकडे अमेरिकेत बऱ्याच चर्चेसमध्ये मे-जूनमध्ये ग्रॅज्युएशन संडे असतो, हायस्कूल संपवलेली मुलं गाऊन-टोपी घालून पुढे येतात, पडद्यावर लहानपणीचा फोटो आणि आत्ताचा फोटो, आई-वडील शेजारी उभे, भेट म्हणून नाव घातलेलं बायबल. टक्क्यांची भानगड नाही. कारण सोपं आहे, अठराव्या वर्षी पोरगं घर सोडून कॉलेजला जाणार, त्यामुळे तो खरं म्हणजे निरोपच असतो, आयांचे रुमाल आधीच बाहेर आलेले असतात. पण तिथेही गडबड असतेच, कोण कुठल्या कॉलेजला चाललं हे वाचून दाखवतात आणि एखादा कॉलेजला न जाता गॅरेजमध्ये लागणार असतो त्याचं नाव पटकन उरकतात. ते तेवढं उचलू नका.

आणि हो, कार्डावर हमखास बायबलमधलं यिर्मया २९:११ छापलेलं असतं, देवाच्या मनात तुमच्या हिताचे, आशेचे संकल्प आहेत असं सांगणारं, तुमच्याकडेही असणारच. ते वचन बाबेलमध्ये (बॅबिलॉनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं लागतील असं स्पष्ट लिहिलंय. सातव्या वचनात म्हटलंय, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी झटा. पुण्या-बंगळुरूला हॉस्टेलवर चाललेल्या पोरांना मी तर ते सातवं देईन.

---

तरुणसंघ_नगर

बाप रे एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. काल कमिटीत बसलो होतो, थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत ज्यांना पुढे बोलावलं होतं त्या सगळ्यांना यादीप्रमाणे बोलवायचं, शिवाय कुठलाही कोर्स पूर्ण झालेले. एक_आई ताईंचा मुद्दा वाचून दाखवला तेव्हा अटवाले काका गप्प झाले, एक काका अजून नाराज आहेत, ते म्हणाले पहिल्या नंबराला मी स्वतःच्या खिशातून घड्याळ देणार, म्हटलं द्या की, फक्त घरी नेऊन द्या. आशीर्वचनाच्या आधी दहा मिनिटं. पुढारी कट. त्या घरी शनिवारी जातोय, मंडळीतल्या एका ताई अकाउंट्स शिकवतात, त्या तयार झाल्यात.

नारळावर मात्र दीड तास गेला आणि काहीच ठरलं नाही 😅 शेवटी पाळकसाहेब म्हणाले गुलाबाचं रोप द्या.

अजून एक विचारायचं होतं. सध्या ॲडमिशनमुळे रोज संध्याकाळी पोरं बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र मागायला येतात, मायनॉरिटी कोट्यासाठी, आणि जुनी रजिस्टरं चाळता चाळता साहेबांचा वेळ जातो. कोणाकडे हे कॉम्प्युटरवर केलंय का? नावात आणि दाखल्यावरच्या स्पेलिंगमध्ये फरक असला तर काय करता?

---

निवृत्त_मास्तर

त्यासाठी वेगळा धागा काढ, मोठा विषय आहे. तोवर एवढं कर, पोरांना शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत आणायला सांग आणि साहेबांना म्हणावं रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका, जसं आहे तसं उतरवून खाली वेगळी टीप आणि सही. आणि रोपं देणार असशील तर कुंडीसकट दे, अर्ध्या पोरांच्या घराला अंगण नाही.