तरंगती चुंबकसूची उत्तरेकडे वळते, पण उत्तरेकडे सरकत का नाही?

प्रश्न
नमस्कार. सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने घासली आणि बुचाच्या चकतीवर ठेवून प्लास्टिकच्या टबातील पाण्यात सोडली. सुई वळून दक्षिणोत्तर स्थिरावली. त्यावर तिने विचारले, की लहानसे चुंबक टाचणीला ओढून घेते, तर एवढी मोठी पृथ्वी सुईला उत्तरेच्या काठाकडे का ओढत नाही? पृथ्वीचे चुंबकत्व क्षीण आहे, असे मी सांगितले; पण जे बल सुईला वळवू शकते, ते तिला सरकवू का शकत नाही, हे मलाही उमगलेले नाही.

प्रतिसाद १
मुलीची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. सुईच्या एका टोकाला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे ओढते, तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच बलाने दक्षिणेकडे. त्यामुळे सुई वळते, परंतु सरकण्यासाठी लागणारे बल शिल्लकच राहत नाही. हातातल्या चुंबकाचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटत असल्याने टाचणीच्या जवळच्या टोकावरील ओढ लांबच्या टोकावरील ढकलण्यापेक्षा बरीच अधिक असते आणि टाचणी खेचली जाते. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लांहून (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) थोडे अधिक आहे आणि किलोमीटरभर चालून गेल्यावरही त्यात सहसा फार थोडा फरक पडतो. मग चार सेंटिमीटरच्या सुईच्या दोन टोकांत तो कितीसा असणार? चकती काठाला जाऊन चिकटलीच, तर तो पृष्ठताणाचा परिणाम समजावा.

प्रतिसाद २
हाच प्रयोग लंडनमधील होकायंत्रे बनवणारे रॉबर्ट नॉर्मन यांनी केला होता. पोलादी तारेला बूच लावून ते त्यांनी इतके बेताने कापले, की तार पाण्यात मधल्या खोलीवर तरंगत राहिली. ती वळली आणि कललीही, पण कोणत्याही बाजूला खेचली गेली नाही. हे निरीक्षण त्यांनी १५८१ साली प्रसिद्ध केले.

हे कलणे मुलीला अवश्य दाखवा. न घासलेली सुई मधोमध दोरा बांधून आडवी टांगावी आणि गाठ न हलवता तिला चुंबकत्व द्यावे. भारतात तिचे उत्तर टोक खाली झुकते, कारण येथे क्षेत्ररेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, जमिनीत तिरप्या शिरतात. या झुकावाला नतिकोन म्हणतात. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे हा कोन शून्य असलेली रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने तेथे तो जवळपास शून्य असतो, तर ब्रिटनमध्ये साठ अंशांहून अधिक.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आज सुई टांगून पाहिली आणि उत्तर टोक खरोखरच झुकले! याचा अर्थ, परदेशातून आणलेले होकायंत्र येथे चुकीची दिशा दाखवेल का?

प्रतिसाद ३
दिशा बदलत नाही, मात्र सूची अडखळू शकते. ब्रिटनसारख्या ठिकाणी उत्तर टोक फार झुकते, म्हणून तेथील होकायंत्राच्या दक्षिण बाजूला थोडे अधिक वजन देऊन सूची समतोल केलेली असते. आपल्याकडे ते वजन जास्त ठरून दक्षिण टोक खाली जाते आणि प्रसंगी तबकडीला घासते. ऑस्ट्रेलियात ही अडचण आणखी वाढते, कारण तेथे मुळात दक्षिण टोकच झुकते. म्हणून होकायंत्र घेताना ते कोणत्या प्रदेशासाठी समतोल केले आहे, हे आधी विचारून घ्यावे.