बोल्टच्या माथ्यावरील खुणा: थोडी भर

जुन्या गाड्यांच्या बोल्टविषयीच्या या चर्चेत, माथ्यावरील तीन उठावदार रेषा म्हणजे कारखान्याची मुद्रा असावी, असे आधी कोणी म्हटले आहे. परंतु केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या अशा रेषा अमेरिकी एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) पद्धतीत बोल्टची ताकद दर्शवतात. रेषांच्या संख्येत दोन मिळवले की ग्रेड, म्हणजे ताकदीची श्रेणी, मिळते; म्हणजे तीन रेषांचा बोल्ट ग्रेड 5 चा आणि सहा रेषांचा ग्रेड 8 चा. निर्मात्याची खूण त्यांच्याच शेजारी अक्षरांत किंवा लहानशा चिन्हात असते, आणि बोल्ट मूळचा आहे की नंतर कोणी बसवला, हे ठरवताना खरा उपयोग तिचाच होतो.

ब्रिटिश गाड्यांत अधिक जपावे लागते. 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी युनिफाइड, म्हणजे तिन्ही देशांना सामाईक प्रमाणाचे, आटे स्वीकारल्यानंतर तसे बोल्ट ओळखू यावेत म्हणून माथ्यावर एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळे उठवली जाऊ लागली. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश प्रमाणाच्या आट्यांचा कोन 55 अंश आणि युनिफाइडचा 60 अंश असतो; तरी अर्धा इंच सोडल्यास जाड आट्यांच्या बहुतेक मापांत दर इंची आटे सारखेच असल्यामुळे चुकीचा बोल्ट सहज आत जातो आणि पुढे आटे खातो.

खुणा वाचण्यापूर्वी माथा ग्राइंडरखाली धरू नये (हा मोह मलाही आवरला नव्हता). रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश पुरेसा होतो.