बाळाला पाजण्याबद्दल डॉक्टर एक सांगतात, नर्स दुसरंच. ठरवायचं कसं?

काल एका बाळंतिणीच्या उशाशी तीन चिठ्ठ्या दिसल्या. डॉक्टरांची: दर तीन तासांनी उठवून पाजा. लॅक्टेशन कन्सल्टंटची (स्तनपानाचा सल्ला देणारी): मागेल तेव्हाच पाजा. नर्सची: अंगावर पाजून झालं की दर वेळी 30 मिली वरचं. जुनं सगळं वर आलं, म्हणून धागा काढतेय. सल्ले का जुळत नाहीत आणि घरी काय तपासायचं, तेवढं नेमकं लिहा.

सुरुवात मी करते. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या दिवसांसाठी. जन्माचं वजन भरून यायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तोवर झोपाळू बाळ आपणहून मागेलच असं नाही, कावीळ असेल तर आणखीच कमी. म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा, उठवावं लागलं तरी. वजन भरलं, शी-शू नीट होतेय, डॉक्टरही हो म्हणाले, की मागेल तेव्हा. वरच्या दुधाच्या सल्ल्याला मात्र शेवट हवाच. "वजन किती झालं की हे बंद करायचं?" हे तिथल्या तिथे विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्या. नाहीतर 30 चे 60 होतात, बाळ अंगावर कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही कमी तयार होतं.

—

वजनाचं लिहिते, कारण निम्मे वाद तिथेच असतात. पहिल्या काही दिवसांत 7 ते 10 टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं. 3 किलोचं बाळ 2.75 वर आलं म्हणजे 8 टक्क्यांच्या थोडं वर. इथे एक डॉक्टर "लगेच वरचं द्या" म्हणतात, दुसरे "उद्या परत दाखवा". अशा वेळी डायपर बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी काळी शी जाऊन पिवळी यायला हवी, पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 डायपर चांगले ओले हवेत. हे होत असेल तर थांबायला जागा आहे. होत नसेल तर थांबू नका. प्रसूतीच्या वेळी आईला बरंच सलाईन लागलं असेल तर बाळही थोडं पाणी धरून जन्मतं आणि पहिल्या दिवशी जास्त उतरतं, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि काटा एकच ठेवा! कपडे काढून, डायपर काढून. पहिले तीन महिने रोजची वाढ 20 ते 30 ग्रॅम. दोन काट्यांत 60 ग्रॅमचा फरक असला तर दोन-तीन दिवसांची वाढ कागदावरून गायब होते आणि घरात रडारड.

—

+1. वाढीचा तक्ता कोणता वापरलाय तेही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते अंगावर पिणाऱ्या बाळांवरून केलेत. अमेरिकेच्या सीडीसीच्या (सरकारी रोगनियंत्रण केंद्र) 2000 च्या तक्त्यांत बाटलीवरची बाळंही बरीच होती. अंगावर पिणारं बाळ तीन महिन्यांनंतर जरा सावकाश वाढतं, त्यामुळे तेच बाळ एका तक्त्यावर ठीक आणि दुसऱ्यावर "मागे पडतंय" दिसतं. मग एकीकडून "छान", दुसरीकडून "पावडर सुरू करा". बाकी नंतर, उठलं बाळ.

—

अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर वय सुधारून धरायचं. आठ आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबात जेमतेम चार. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, बदली डॉक्टरांच्या नजरेतून सुटतं.

—

पावडरचं कोणीच लिहिलं नाही का? डब्यावर "कोमट पाणी", जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या सूचनेत पाणी 70 अंशांच्या खाली नको. कारण पावडर निर्जंतुक नसते, क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि तो 70 अंशांना मरतो. काही कंपन्या पावडरीत चांगले जिवाणू घालतात, ते गरम पाण्यात मरतात, म्हणून त्या कोमट म्हणतात. दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ असेल तर गरम पाण्याचाच मार्ग धरा.

निदान एक लिटर पाणी उकळायचं, झाकून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं (कमी पाणी उकळलं तर लवकर निवतं, 70 राहत नाही). आधी पाणी मोजून बाटलीत, मग पावडर. मग बंद बाटली नळाखाली धरून गार करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. केलेलं दूध दोन तासांत, तोंड लावलेलं एका तासात. उरलेलं ओतून द्या, जीव तुटला तरी.

—

स्कूप!!! काही डब्यांत एक स्कूप 30 मिलीला, काहींत 60 ला. डबा बदलला आणि सवय तीच राहिली की दूध दुप्पट घट्ट नाहीतर निम्मं पातळ. घट्ट दुधाने बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणी देऊ नये ते याचसाठी.

—

स्कूपवरून आठवलं, ड जीवनसत्त्वाचे थेंब. रोज 400 युनिट यावर फारसं दुमत नाही, पण काही बाटल्यांत 400 युनिट एका थेंबात, काहींत एका मिलीत. "ड्रॉपर भरून द्या" हा सल्ला एका बाटलीला बरोबर आणि दुसरीला धोक्याचा. डॉक्टरांसमोर बाटलीच ठेवा.

लोहाचं खरंच दुमत आहे. अमेरिकन बालरोग अकादमी पूर्ण अंगावर असलेल्या बाळाला चौथ्या महिन्यापासून किलोमागे 1 मिलिग्रॅम सांगते, युरोपातले तज्ज्ञ सरसकट सगळ्यांना नको म्हणतात. जन्माचं वजन कमी होतं का, दिवस पूर्ण होते का, यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

—

थोडं विषयांतर: दूध काढायच्या पंपाचं फनेल (छातीला लावायचा भाग) कोणत्या मापाचं घ्यायचं? दूध येत नाही म्हणून वरचं सुरू करायला सांगितलंय.

—

वरचं सुरू करायच्या आधी माप बघा. निपलची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, फक्त निपल, भोवतालची काळी त्वचा नाही. ओढताना निपल नळीत मोकळं हलायला हवं. घासतंय तर लहान, काळी त्वचाही आत खेचली जातेय तर मोठं. पंपासोबत बरेचदा 24 चं येतं आणि ते सगळ्यांना बसत नाही. रबरी पडदाही तपासा, सैल झाला की ओढ जाते. आणि पंपात किती आलं यावरून बाळ किती पितं हे ठरवू नका. मोजायचंच असेल तर 2 ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर पाजण्याआधी आणि नंतर वजन करा, डायपर तोच ठेवून. जितके ग्रॅम वाढले साधारण तितके मिली.

—

थँक्यू, आजच मोजते 🙏

—

शेंगदाणा, अंडं यावर "तीन वर्षांपर्यंत नको" म्हणणारे अजून भेटतात. हा सल्ला खरंच होता, अमेरिकन बालरोग अकादमीचा, 2000 सालचा, ॲलर्जीचा जास्त धोका असलेल्या बाळांसाठी: शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत नको, अंडं दोन. त्यांनीच 2008 मध्ये मागे घेतला. 2015 च्या लीप अभ्यासात, ज्यांना जास्त धोका होता अशा बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यावर ॲलर्जी खूप कमी झाली. वरचं अन्न सुरू झालं, मान धरतंय, आधाराने बसतंय, जिभेने घास बाहेर ढकलत नाही, की देता येतं. दोन चमचे गुळगुळीत पीनट बटर कोमट पाण्यात पातळ करून. आधी चमच्याच्या टोकावर, 10 मिनिटं थांबा, मग बाकीचं, पुढे दोन तास लक्ष. तीव्र एक्झिमा (कोरडी, खाजरी त्वचा) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर. अख्खा दाणा मुळीच नको, घशात अडकतो.

मध एक वर्षाच्या आत नाहीच. इथे सगळ्यांचं एकमत आहे.

—

आईच्या औषधांबद्दल कोणीतरी लिहा ना. दात काढल्यावर "दोन दिवस अंगावर पाजू नका" सांगितलंय.

—

औषधाचं नाव घालून लॅक्टमेड बघा, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाशी जोडलेली माहिती आहे, फुकट. आईच्या दुधात किती उतरतं आणि बाळावर काय परिणाम होतो, दोन्ही दिलेलं असतं. पत्रकावर "स्तनपान करत असल्यास टाळा" असं बरेचदा अभ्यासच नसल्यामुळे छापतात. ती नोंद बालरोगतज्ज्ञांना दाखवून विचारा. अमॉक्सिसिलिन, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांच्यासाठी सहसा थांबावं लागत नाही. कोडीनच्या गोळ्या लिहिल्या असतील तर बदलून मागा. थांबावंच लागलं तर तितके दिवस बाळाच्या वेळेला पंप करत राहा, नाहीतर दूध आटतं आणि गाठी होतात.

—

मध्येच एक, वाचून विसरू नका: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा जास्त ताप, आठ तास डायपर कोरडा, किंवा उठवूनही पिईना, तर कोणाचा सल्ला बरोबर हे बघत बसायचं नाही. थेट दवाखाना.

—

काढलेलं दूध फ्रिजमध्ये किती दिवस? एक म्हणतात 4, एक म्हणतात 8.

—

4 सीडीसीचं, 8 ब्रिटनच्या एनएचएसचं (तिथली सरकारी आरोग्यसेवा), आणि ते 8 फक्त फ्रिज 4 अंश किंवा खाली असेल तरच. दारात ठेवू नका, मागच्या बाजूला ठेवा. फ्रिजमध्ये थर्मामीटर नसेल तर 3 दिवसच धरा. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असेल तर तिथला नियम, तो याहून कडक असतो.