गाडीची सर्व्हिसिंग घरी? (सोसायटी ग्रुप, धरमपेठ, नागपूर)

बी-302 काकू: नमस्कार. मुलाची मोटरसायकल काल सर्व्हिसिंगहून आली. बिलात एअर फिल्टर बदलला, चेन साफ केली, ब्रेक साफ केले, सगळं लावलं आहे. चेन मात्र आजही खडखडून राहिली. कोणी पाहून देईल का?

ए-104: काकू, पाठवा त्याला खाली. मी पार्किंगमध्येच आहे.

ए-104: पाहिलं. फिल्टर बदललेला नाही. घड्यांमध्ये धूळ गच्च बसली आहे, फोटो टाकतो. चेन मधोमध बोटाने हलवली तर दोन इंच खालीवर होते; या गाडीच्या मॅन्युअलमध्ये 20 ते 30 मिमी दिलं आहे. जुन्या चिकट मळावरच स्प्रे मारून दिला. राग येतो हो अशा कामाचा. पोरगा रोज याच गाडीवर हिंगण्याला जातो.

सी-201: काहून बापा, पैसे घेऊन असं करतात? माझी तर गाडी आत नेतात अन् आपल्याला एसीत चहा देऊन बसवतात. आत काय केलं, कोणाला माहीत.

ए-104: म्हणूनच मी म्हणतो, साधी कामं आपण शिकून घ्यावी. चेन, ऑइल, फिल्टर, टायरची हवा, क्लचची वायर. वॉरंटी संपल्यापासून माझ्या गाडीचं एवढं मीच करतो.

बी-105: माझी गाडी मागच्या वर्षीची आहे. घरी केलं तर वॉरंटी जाईल ना?

ए-104: तुम्ही ठरलेल्या सर्व्हिसिंग सेंटरलाच करा, नाहीतर उद्या क्लेम अडवतील. पण जॉब कार्डवर लिहून घ्या की बदललेले जुने पार्ट परत पाहिजेत. आणि चेनला तेल द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. साधारण 500 किमीला एकदा, पाऊस लागला की त्याआधीच. रॉकेल किंवा चेन क्लीनरने धुवायची, कोरडी पुसायची, मग 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन लूब. पेट्रोलने धुऊ नका, ओ-रिंगवाल्या चेनचं रबर खराब होतं. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवायचं. चालू गाडीच्या चेनजवळ कपडा नेला की बोट जातं.

डी-401 काका: चेन ताणल्यावर एक गोष्ट लोक विसरतात. मागचं चाक सरकलं की ड्रम ब्रेकच्या पायडलचा खेळही (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) बदलतो. तो पुन्हा लावायचा. दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपं बसतं. एक्सलचा नट नीट आवळायचा. मी कारखान्यात मेंटेनन्सलाच होतो, म्हणून सांगून राहिलो.

ए-104: बरोबर काका. आणि चेन एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी ढिली असते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहायचं, सगळ्यात घट्ट जागेवरून माप धरायचं.

सी-201: ऑइल कोणतं टाकायचं? घरी कारचं उरलं आहे.

ए-104: ते नको भाऊ! बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात, क्लच घसरतो. डब्यावर जासो (तेलाच्या दर्जाची खूण) एमए किंवा एमए2 पाहा. एमबी गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, नागपूरचं ऊन पाहून मनाने जाड तेल घालू नका.

बी-105: हवा मात्र उन्हाळ्यात कमीच ठेवावी ना? नवतपात टायर फुटायची भीती वाटते.

ए-104: नाही. सकाळी टायर थंड असताना कंपनीने दिली तेवढीच. दुपारी आकडा वाढलेला दिसेल, म्हणून हवा सोडायची नाही. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, आणखी तापतो.

डी-401 काका: पण मर्यादा ठेवा. डिस्क ब्रेकचं फ्लुइड, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), बीएस-6 गाडीचं फ्युएल इंजेक्शन, हे पार्किंगमध्ये उघडू नका. ब्रेकमध्ये चूक झाली तर ती चौकातच कळते.

ए-104: पूर्ण सहमत. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतं, म्हणून बहुतेक मॅन्युअल दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ते जाणत्या मेकॅनिककडूनच. मी फक्त पातळी आणि पॅडची जाडी पाहतो. पण पाहता येत असलं म्हणजे काय बदललं अन् काय नाही, हे कळतं. काकूंचं बिल त्यामुळेच पकडता आलं.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये करा, हरकत नाही. फरशीवर तेल सांडू नका आणि जुनं ऑइल नालीत अजिबात ओतू नका. शेवटी ते नाग नदीतच जातं.

ए-104: ट्रे आणि झाकणाचा डबा आहे माझ्याकडे. जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला देतो. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी 7 ला या, ऊन चढायच्या आत. गाडीचं मॅन्युअल आणा. ऑइल बदलायचं असेल तर ड्रेन बोल्टचा नवा वॉशरही आणा.

बी-302 काकू: मुलाला पाठवते. आधी फिल्टरचे पैसे परत मागायला तुम्ही याल का सोबत?

ए-104: येतो ना काकू. शनिवारी सकाळी जाऊ. फिल्टर काढून पिशवीत ठेवा, बिलाची मूळ प्रत घ्या.