फोन माझा, मग अपडेट कधी टाकायचं ते कंपनी का ठरवणार?

साताऱ्याची_लेक: काल इथे एकाने लिहिलं होतं की लोकांना विचारायचंच कशाला, रात्री चार्जिंगला लावला की अपडेट टाकून मोकळं व्हावं. वाचून डोकं फिरलं. मागच्या महिन्यात बाबांचा फोन असाच रात्रीत बदलला. सकाळी सात वेळा रिंग दिली, उचलेनात. शेजारच्या काकूंना पाठवलं तर बाबा पलंगावर बसून बोट खालून वर सरकवतायत, आणि कॉल घ्यायला आता आडवं सरकवायचं झालेलं! वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सुरक्षेचा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती, द्या की, पण त्याच्याबरोबर बटणांच्या जागा का बदलता?

पॅच_आधी: कालचं मीच लिहिलेलं आणि आजही तेच म्हणतो. बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण २०१५ चं स्टेजफ्राइट, ते अँड्रॉइडमधलं भोक, आठवा, नुसता एक एमएमएस आला की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. त्यानंतरच गुगलने दर महिन्याला पॅच द्यायला सुरुवात केली. २०१९ ला तर व्हॉट्सॲप कॉल उचलला नाही तरी पेगासस, म्हणजे हेरगिरीचं सॉफ्टवेअर, फोनच्या आत. 'नंतर' दाबणाऱ्यांचं ते नंतर सहा महिने येत नाही.

साताऱ्याची_लेक: व्हॉट्सॲपचं भोक ॲप अपडेट करून बुजलं, त्याला अख्खा फोन बदलावा लागला नाही. मी तेच तर म्हणतेय!

रिपेअरिंग_नंदुरबार: आमच्या दुकानात या आणि बघा. अपडेट झालं, फोन तापला, स्क्रीनवर उभी हिरवी रेघ. वॉरंटी संपलेली, नवीन डिस्प्ले नऊ हजार, आणि फोन घेतलेला चौदा हजारांना. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं.

पॅच_आधी: रेघ अपडेटनेच आली कशावरून? डिस्प्लेचा जोड आधीच कच्चा असणार.

रिपेअरिंग_नंदुरबार: रोज फोन उघडतो मी, तुम्ही नाही. जोड कच्चा असेल तर तो कंपनीनेच लावला ना भाऊ?

चिंचवडकर७: माझ्याही फोनला रेघ!! सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोन तास रांगेत उभं केलं आणि सांगितलं पाणी गेलंय. पाणी कुठून जाणार, फोन कायम कव्हरमध्ये. तेव्हापासून अपडेट बंद म्हणजे बंद.

पॅच_आधी: आणि त्याच फोनवर यूपीआय वापरता. कमाल आहे.

चिंचवडकर७: पैसे माझे आहेत, तुम्ही शिकवू नका.

साताऱ्याची_लेक: भांडू नका, पण ते घाबरले हे चूक नाही. जुनी बॅटरी असलेले आयफोन अपडेटमधून हळू केले हे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरात कबूल केलं, तेही लोकांनी पकडल्यावर. गिऱ्हाइकांना सांगितलं नाही म्हणून २०२० ला फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड लावला. असं झाल्यावर डोळे मिटून कोण 'हो' म्हणेल?

पॅच_आधी: ते चुकलंच, त्यावर वाद नाही. पण २०२३ ला ॲपलनेच सुरक्षेचे छोटे पॅच वेगळे काढले. जुलैमधल्या एकाने काही वेबसाइट नीट उघडेनात, तर लोकांना तो काढून टाकता आला. असं सगळ्या कंपन्यांनी केलं तर तुमचं म्हणणं मान्य. फक्त कायमचं बंद करायचं बटण नको, फार तर सात दिवस पुढे ढकलू द्या.

साताऱ्याची_लेक: सात दिवस चालतील. पण काय बदलणार ते आधी मराठीत, मोठ्या अक्षरात सांगा, म्हणजे रविवारी साताऱ्याला जाऊन बाबांना दाखवता येईल.

रिपेअरिंग_नंदुरबार: आणि डिस्प्लेचे नऊ हजार कोण देणार, ते कोणी बोललंच नाही.