मदत हवी आहे: रमण महर्षींच्या १९४६ सालच्या सोळा मिमी रिळांना व्हिनेगरचा वास येतोय

नमस्कार मंडळी,

आधी थोडक्यात प्रश्न, मग हकीकत. आमच्या घरी सोळा मिलिमीटर फिल्मची सहा रिळं आहेत. माझ्या आजोबांनी १९४६ साली तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमात आणि त्यामागच्या अरुणाचल डोंगरावर ती चित्रित केली. परवा तिसऱ्या रिळाचा डबा उघडला तर नाकात भपकन व्हिनेगरचा वास शिरला, आणि फिल्म कडेला पन्हाळीसारखी वळलेली दिसली. स्कॅन होईपर्यंत ही रिळं घरात कशी सांभाळायची, स्कॅन करणाऱ्याकडे नेमकं काय मागायचं, आणि मूळ रिळं पुढे कुणाच्या हवाली करायची, हे जाणकारांनी सांगावं.

१ सप्टेंबर १८९६ ला सोळा वर्षांचा वेंकटरमण (पुढचे रमण महर्षी, भक्तांचे 'भगवान') मदुराईहून घर सोडून अरुणाचलाला पोचला आणि त्यानंतर देह ठेवेपर्यंत तिथून हलला नाही. त्या आगमनाला १९४६ मध्ये पन्नास वर्षं झाली, त्या सुवर्णमहोत्सवाला आजोबा, आजी आणि नऊ वर्षांची आत्या गेले होते. कॅमेरा चावीचा, आजोबांनी एका मित्राकडून मागून नेलेला. प्रत्येक डब्याच्या झाकणात त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे: गोपुर व रथरस्ता, गिरिप्रदक्षिणा, भगवान डोंगरावरून उतरताना, महोत्सवाचा मांडव, स्कंदाश्रम (डोंगरावरचा जुना आश्रम). सहाव्या डब्यातली चिठ्ठी कोरी आहे.

बिघडतंय ते नेमकं तिसरं. भगवान डोंगरावरून उतरताना.

आता एक चूक सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना रिळांची अवस्था कळेल. २००३ साली आम्ही ही रिळं एका लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडे सीडी करायला दिली. त्याने प्रोजेक्टर लावून भिंतीवर चित्र पाडलं आणि समोरून हॅन्डीकॅमने ते टिपलं. चित्र लुकलुकतं, वरची कड कापली गेलीये. प्रोजेक्टरमध्ये अडकून तिसऱ्या रिळाची कडेची भोकं बऱ्याच ठिकाणी फाटली, दोनदा फिल्म तुटली. ती त्याने साध्या सेलोटेपने जोडली, आता त्याचा गोंद पाझरून पुढच्या वेढ्याला चिकटलाय.

पण मला सगळ्यात जास्त लागतो तो वेग. चित्रीकरण झालं सेकंदाला सोळा चौकटींनी आणि त्याने चालवलं चोवीसने. भगवानांचे गुडघे संधिवाताने दुखायचे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कमंडलू, अंगावर फक्त कौपीन, असे ते एकेक पायरी तोलून उतरतात. त्या सीडीत ते तुरुतुरु पळतात. आत्याने ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे बंद कर, ते असे नव्हते." परत तिने सीडी लावू दिली नाही.

शंभर फुटांचं एक रीळ म्हणजे चार हजार चौकटी, सोळाच्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद. सहा रिळं मिळून पंचवीस मिनिटं होतात. ही रिव्हर्सल फिल्म आहे, म्हणजे कॅमेऱ्यात गेली तीच धुतल्यावर पॉझिटिव्ह झाली. निगेटिव्ह कधी नव्हतीच. तिसरं रीळ गेलं तर गेलं.

आत्या आता नव्वदीला टेकलीये. "एकदा भिंतीवर दाखव, डोळे मिटायच्या आत," असं म्हणते. घरात चालू स्थितीतला प्रोजेक्टर आहे आणि तरी मला तिला नाही म्हणावं लागतंय. बरोबर करतेय ना?

दुसरा पेच पुतण्याचा. तो म्हणतो, फोनने चौकटी टिपून संगणकाकडून रंग भरून घेऊ, मागे भजन टाकू आणि यूट्यूबवर चढवू. त्याचा हेतू चांगला आहे, पण माझं मन तयार होत नाही. भगवानांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. समोर बसलेल्याला ते पुष्कळदा मौनानेच उत्तर देत. त्या चार मिनिटांत कुणीतरी दुसऱ्याने गायलेलं कशाला?

*

प्रतिसाद १

ताई, प्रोजेक्टर लावू नका. बरोबर करताय. अ‍ॅसिटेट प्लॅस्टिकची फिल्म आम्ल सोडते, तोच हा वास, आणि ती आकसतेही. भोकांमधलं अंतर एक टक्क्याने जरी कमी झालं तरी प्रोजेक्टरचे दात भोकात नीट बसत नाहीत, पट्टी फाडत जातात. २००३ मध्ये हेच झालं असणार, आज दुप्पट होईल.

एक दिलासा. सोळा मिमी कोडॅक फिल्म पहिल्यापासून सेफ्टी बेसवरच (न भडकणाऱ्या पट्टीवर) निघाली, त्यामुळे जुन्या नायट्रेट फिल्मसारखी पेट घेण्याची भीती नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये आग लागली ती चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट रिळांना. तुमच्या कडेला 'सेफ्टी' छापलेलं दिसतंय का बघा.

आज करायचं ते असं. तिसरं रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. डब्यात डांबरगोळ्या किंवा कापूर असेल तर काढा. आपल्या घरांत हमखास असतात आणि फिल्मवर त्यांचे स्फटिक बसतात. पत्र्याच्या डब्याला गंज असेल तर डबा बदला, पण आजोबांच्या चिठ्ठ्या आणि जुना डबा टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका. बुरशी चित्र धरून ठेवणारं जिलेटिन पाण्यात विरघळेल असं करून ठेवते, पुसलंत तर चित्रच फडक्यावर येईल. सेलोटेपही तुम्ही काढू नका.

मग रीळ दोन हवाबंद पिशव्यांत, एकात एक घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. एरवी आम्लाचा वास असलेलं रीळ बंद करू नये म्हणतात, पण चार अंशांवर ही क्रिया इतकी मंदावते की काही महिन्यांसाठी तेच बरं. बाहेर काढाल तेव्हा पिशवी रात्रभर न उघडता बाहेर ठेवा, नाहीतर थंड फिल्मवर दंव धरेल.

*

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. स्कॅनबद्दल सांगतो. विचारायचा पहिला प्रश्न: तुमच्या स्कॅनरला दात आहेत का? आकसलेल्या फिल्मला बिनदाती, रोलरवर चालणारा स्कॅनर लागतो. "प्रोजेक्टरवर चालवून घेतो" म्हणाला की उठून या.

दुसरं, प्रत्येक चौकट वेगळी आणि पूर्ण स्कॅन करून मागा, भोकं आणि कडा दिसतील अशी. वेग तिथे ठरतच नाही. चोवीस हजार चौकटी टूके आकारात, दहा-बिट डीपीएक्सने (दर चौकटीची वेगळी, न दाबलेली फाइल) साधारण तीनशे जीबी होतील. तेच एफएफव्ही-वन या व्हिडिओ प्रकारात चित्र तसूभरही न गमावता कमी जागेत बसतं. ही मूळ प्रत, तिला कुणी हात लावायचा नाही. घरच्यांसाठी त्यावरून सोळाच्या वेगाची एमपीफोर वेगळी करा. पुतण्याला रंग भरायचेच असतील तर त्या धाकट्या प्रतीवर भरू द्या आणि फाइलच्या नावातच तसं लिहा. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावात.

मूळ रिळांसाठी दोन-तीन दारं आहेत. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे (आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय), तिथे तापमान-नियंत्रित कोठारं आहेत. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून हेच काम करते. आणि श्रीरमणाश्रमाला तर कळवायलाच हवं. भगवानांची जुनी छायाचित्रं आणि फिल्म आश्रमाने जपली आहेत, तिथले लोक चेहरे ओळखतील. कुणालाही देताना देणगी की ठेव, ते कागदावर ठरवा. ठेव असेल तर मालकी घराची राहते. स्कॅनची पूर्ण प्रत तुम्हाला मिळेल हे आधी लिहून घ्या, नंतर नाही.

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या डब्यात खरंच तीन डांबरगोळ्या होत्या, झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या. काढल्या. रीळ पिशवीबंद करून फ्रिजमध्ये ठेवलंय, वर मोठ्या अक्षरांत "खाऊ नाही, आजोबा" असं लिहून, कारण घरात लहान मुलं आहेत.

कडेला 'सेफ्टी' आहे. त्याच्या पुढे एक बारीक त्रिकोण आणि एक गोल आहे. याला काही अर्थ आहे का?

*

प्रतिसाद १

आहे तर! अमेरिकेत बनलेल्या कोडॅक फिल्मवर कारखान्याचं साल अशा खुणांनी छापत. खुणा दर वीस वर्षांनी परत येतात. त्रिकोण आणि गोल म्हणजे १९२६, १९४६ किंवा १९६६. आजोबांच्या चिठ्ठीला फिल्मच दुजोरा देतेय. बाकीच्या पाचही रिळांची खूण तपासून वहीत नोंदवा.

*

प्रतिसाद ३

फिल्ममधलं मला काही कळत नाही, पण एक सुचवते. तुमच्या आत्या हेही एक रीळच आहे आणि त्याला दुसरी प्रत नाही. स्कॅनची वाट बघू नका. सीडी बघवत नसेल तर तिचा वेग कमी करून द्या, तो कुठल्याही व्हिडिओ प्लेअरमध्ये होतो. त्यांच्याशेजारी फोन ध्वनिमुद्रणावर ठेवा आणि मध्ये बोलू नका. कोण माणूस, कुठली वाट, काय वास येत होता, सगळं येऊ द्या.

*

धागाकर्ती

प्रतिसाद ३, तुम्हाला कसं सांगू. मला हे सुचलंच नव्हतं. चोवीसचा सोळा करायचा म्हणजे दोन तृतीयांश वेग, तो काल रात्री लावला. चित्र तेच, लुकलुकणारं, कड कापलेलं. पण भगवान चालायला लागले. एक पायरी, थांबणं, काठी पुढे, मग दुसरी पायरी. आत्या काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "हां. असे."

त्यानंतर दीड तास बोलली. सगळं ध्वनिमुद्रित झालंय. स्कंदाश्रमाच्या रिळात वरून खाली देवळाची गोपुरं दिसतात, तिथे ती आजीचा पदर धरून उभी होती म्हणे, उंचावरून भीती वाटत होती. मांडव झावळ्यांचा होता. आणि सभागृहात नामदेवांच्या गोष्टी निघायच्या, गोरा कुंभाराने संतांची मडकी तपासली ती सुद्धा, तेव्हा आजोबांना इतका आनंद व्हायचा की ते शेजारच्याला मराठीतच सांगायला लागायचे.

फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि पुण्याचं संग्रहालय, दोन्हीकडे पत्रं लिहिली आहेत, आश्रमालाही. मूळ रिळं ठेव म्हणून द्यायची असं आत्याने ठरवलंय. शब्द तिचाच चालणार.

आता शेवटचा प्रश्न, यात कुणी मदत करू शकेल तर. सहावं रीळ सीडीवर नाही, त्या माणसाने ते घेतलंच नव्हतं. वास नाही, वळलेलं नाही. हातमोजे घालून सुरुवातीची फक्त वीतभर फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंगातून पाहिली. एक गाय आहे. अंगणात उभी, मान कॅमेऱ्याकडे वळवलेली, आणि तिच्या तोंडापाशी एक लहान हात. आत्या म्हणते तो हात तिचा आणि ती लक्ष्मी, आश्रमातली भगवानांची लाडकी गाय. लक्ष्मी १८ जून १९४८ ला गेली, आश्रमात तिची समाधी आहे, म्हणजे काळ जुळतो. पण तिथल्या गोशाळेत इतरही गायी होत्याच. लक्ष्मीचं शिंगं आणि कपाळ नीट दिसणारं त्या वर्षांतलं छायाचित्र कुणाकडे, एखाद्या जुन्या पुस्तकात असेल, तर कृपया कळवा. आत्याला खात्री आहे. मला फक्त डब्यातल्या कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचंय, आणि ते चुकीचं लिहायचं नाही.